देवमाणूस डॉक्टर आणि पांढरी पुडी

डॉक्टरताई,
माझी आई ६१ वर्षांची. दहा वर्षांपासून शुगर, त्यातली सहा वर्षं इन्सुलिन. पावसाळ्यात गुडघे फार दुखायला लागले म्हणून ती आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी ‘आयुर्वेदिक’ म्हणून पांढऱ्या पुड्या दिल्या, रोज दोन, महिन्याचे १८०० रुपये. आठ दिवसांत आई जिना चढायला लागली. भूकही वाढली, चेहरा भरला. मग डॉक्टर म्हणाले, याने शुगरसुद्धा मुळापासून जाईल, इन्सुलिन बंद करा. दिवाळीनंतर तिला उलट्या आणि धाप सुरू झाली. सोलापूरला आयसीयूत नेलं तेव्हा शुगर ५४२. सहा दिवस आणि दीड लाख गेले, पण आई घरी आली. पुडीत काय आहे विचारलं तर डॉक्टर म्हणाले, ‘तो माझा फॉर्म्युला आहे.’ जुने कागद मागितले तर ‘आपल्याकडे फाईल-बिईल नसते.’ पाटीवर ‘एम.बी.बी.एस., एम.डी. (ए.एम.)’ असं लिहिलंय. दादा म्हणतो, दवाखाना फोडतो. बाबा म्हणतात, तुझ्या जन्माच्या रात्री दोन वाजता सायकलवर आलेला देवमाणूस आहे, त्याच्या पोटावर पाय आणू नकोस. गावातला दुसरा कुणी डॉक्टर त्यांच्याविरुद्ध लिहून द्यायला तयार नाही. घरात अजून दीड डबा पुड्या आहेत. आई गुडघ्यासाठी मागते आणि बाबा म्हणतात, अर्धी द्यायला काय हरकत आहे? तक्रार करावी का, आणि कुठे?
– स्वाती (नाव बदललं आहे), सोलापूर जिल्हा

स्वाती,

तक्रारीचं मागाहून बोलू. आधी तो दीड डबा.

पुडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्यात अमुकच आहे असं मी म्हणणार नाही. पण आठ दिवसांत जिना, वाढलेली भूक, भरलेला चेहरा आणि चढलेली शुगर असं एका ओळीत वाचलं की सरकारी दवाखान्यात आयुष्य काढलेल्या माझ्यासारखीच्या मनात पहिला शब्द येतो तो स्टेरॉईड. सांधेदुखीच्या बेनामी पुड्यांत स्टेरॉईड मिसळायची खोड जुनी आहे. सूज आणि दुखणं झटक्यात उतरतं, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे अशी ख्याती होते आणि शुगर आतल्या आत वर जात राहते. यात दुसरा धोका असा, की महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉईड मिळालं की मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं काम मंद करतात. मग पुडी एकदम तुटली तर माणूस गळून जातो, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. प्रसंगी जीवावर बेततं.

म्हणून अर्धी पुडी द्यायची नाही, आणि ‘बंद केली, विषय संपला’ असंही समजायचं नाही. अर्ध्या पुडीत किती मिलिग्रॅम काय आहे हे ना बाबांना माहीत, ना मला. सोलापूरच्या डॉक्टरांना पुडीबद्दल सांगितलं होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. सांगितलं नसेल तर उद्याच फोन करा आणि याच आठवड्यात आईला दाखवून आणा. जाताना चार पुड्या सोबत घ्या. पुढे काय द्यायचं, काय उतरवत न्यायचं, हे ते ठरवतील. मधल्या काळात चक्कर, उलट्या, प्रचंड थकवा असं काही झालं तर वाट बघू नका. तातडीच्या विभागात पोचल्यावर पहिलं वाक्य हे सांगा: ‘चार महिने पुडी चालू होती, त्यात स्टेरॉईड असू शकतं.’ गुडघेदुखीही खरी आहे, तिची सोय व्हायलाच हवी. नाहीतर आई डबा शोधून काढेल. दुखणारा माणूस फार हुशार असतो.

उरलेल्या पुड्या मात्र फेकू नका. डबा जसाच्या तसा पिशवीत घाला, टोक चिकटवा, वर तारीख घाला आणि दोन जणांच्या सह्या घ्या. औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायदा, १९४०च्या कलम २६ प्रमाणे औषध विकत घेतलेल्या माणसाला फी भरून ते सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. सगळा डबा कुणाच्याही हाती देऊ नका.

आता पाटी. एम.बी.बी.एस. ही पदवी आपल्याला कळते. पुढचं कंसातलं ‘ए.एम.’ म्हणजे बहुधा अल्टरनेटिव्ह मेडिसिन. असल्या ‘एम.डी.’ला कुठल्याही वैद्यक परिषदेची मान्यता नाही. लोक कंसापर्यंत वाचत नाहीत, त्यांना फक्त एम.डी. दिसतं, आणि तो कंस तेवढ्यासाठीच असतो. दवाखाना चालू असताना रस्त्यावरून पाटीचा साधा फोटो काढून ठेवा. शुगर मुळापासून बरी करण्याचा दावा पाटीवर किंवा पत्रकावर छापलेला असेल तर त्याचाही काढा. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४च्या जादूटोणासदृश उपचार आणि आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने बंद आहे. मधुमेहाचं नाव त्या कायद्याच्या यादीतच आहे.

यानंतर एक गोष्ट पक्की करायची: हे डॉक्टर कुणाच्या नोंदवहीत आहेत? सगळं यावर अवलंबून आहे, आणि बहुतेक तक्रारी इथेच वर्ष-वर्ष भरकटतात. एम.बी.बी.एस. असतील तर महाराष्ट्र वैद्यक परिषद, म्हणजे मुंबईची एम.एम.सी., जी १९६५च्या कायद्याखाली चालते. आयुर्वेद-युनानीवाल्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन वेगळी आणि होमिओपॅथीची परिषद आणखी वेगळी. एका परिषदेचा दुसरीच्या डॉक्टरवर अधिकार चालत नाही. नाव कुठेच नसेल तर तो डॉक्टरच नाही. मग परिषदेचा संबंध संपतो, आणि तक्रार आरोग्य अधिकाऱ्यांकडे व पोलिसांकडे जाते. एम.एम.सी.च्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून शोधता येतं. सापडलेलं पान छापून ठेवा. दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं, ते झालंय का तेही बघा.

एम.बी.बी.एस. खरी निघाली असं धरून चालते.

तुमच्या पत्रात ‘आयुर्वेदाच्या नावाखाली फसवलं’ असा सूर डोकावतो, तो तक्रारीत येऊ देऊ नका. आयुर्वेद चांगला की वाईट, यावर परिषदेला निकाल द्यायचा नाही, आणि मलाही नाही. गुडघ्यासाठी वैद्याकडे जाणारे माझे स्वतःचे नातेवाईक आहेत. प्रश्न एवढाच आहे, की ज्या शास्त्राचं शिक्षण घेतलं त्याबाहेर जाऊन, ज्याचा घटक सांगता येत नाही असं औषध त्यांनी का दिलं? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पूनम वर्मा खटल्यात हीच रेघ ओढली. मुंबईचं प्रकरण होतं. होमिओपॅथी शिकलेल्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला अॅलोपॅथीची औषधं दिली, आणि १९९२च्या जुलैत तो रुग्ण गेला. जी उपचारपद्धती शिकली नाही ती वापरणारा हा त्या पद्धतीपुरता वैदूच, असं न्यायालय म्हणालं आणि ३ लाखांची भरपाई द्यायला लावली. तिथे होमिओपॅथीचा डॉक्टर पलीकडे गेला होता. तुमच्याकडे एम.बी.बी.एस. उलट दिशेने गेलाय. (आयुर्वेद-होमिओपॅथीच्या काही डॉक्टरांना अॅलोपॅथीची औषधं लिहायला महाराष्ट्राने कायदा आणि अधिसूचना काढून मुभा दिली आहे. होमिओपॅथांच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमावरून तर डॉक्टर संपावर गेले होते. तो वाद वेगळा. तुमच्या कामाचा नाही.)

परिषद डॉक्टरांना कशावर तोलते, ते भारतीय वैद्यक परिषदेचे व्यावसायिक आचरणाचे नियम २००२चे आहेत. २०२३च्या ऑगस्टमध्ये नवे आले होते, पण त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून जुनेच पकडायचे. ते काढून बसा. तुमच्या पत्रातल्या किती तरी गोष्टी त्यांत जशाच्या तशा सापडतील. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि प्रत्येक चिठ्ठीवर, पावतीवर हवा. तुमच्याकडच्या चिठ्ठीवर आहे का? नावापुढे फक्त मान्यताप्राप्त पदव्या लावायच्या. ज्याचा घटक माहीत नाही असं गुप्त औषध देणं किंवा त्याचा प्रसार करणं अनैतिक आहे, असं नियम ६.५ म्हणतो. ‘माझा फॉर्म्युला’ हे उत्तर नेमकं यातच अडकतं. (यावर ते म्हणतील, मला घटक माहीत आहे. मग परिषदेपुढे सांगा म्हणावं.) आणि कागद: भरती झालेल्या रुग्णांच्या नोंदी ३ वर्षं ठेवायच्या, आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यायच्या.

ही उजळणी मी मुद्दाम करतेय. इन्सुलिन बंद केल्यामुळेच आई आयसीयूत गेली हे सिद्ध करायला तज्ज्ञाचं मत लागतं. समोरून वकील म्हणेल, घरी गोड खाल्लं असेल, जंतुसंसर्ग झाला असेल. त्यावर दोन-चार तारखा सहज जातात. पण पाटी, बिननंबरची चिठ्ठी आणि नाकारलेले कागद यांना तज्ज्ञ लागत नाही. ते डोळ्यांनी दिसतं. तक्रारदार रागाच्या भरात सगळा जोर आयसीयूवर देतात आणि ही हातातली हुकमाची पानं तिसऱ्या पानावर कुठे तरी टाकतात. तुम्ही ती पहिल्या पानावर मांडा. आयसीयूची हकीकत मग तारखांसह सरळ सांगा, विशेषणं न लावता. ‘राक्षस’, ‘खाटीक’ असले शब्द दिसले की वाचणाऱ्याचं लक्ष तुमच्या रागाकडे जातं.

गावातला डॉक्टर लिहून देत नाही म्हणून खंतावू नका. कुणाकडे ‘त्यांच्याविरुद्ध मत’ मागूच नका. सोलापूरच्या रुग्णालयाचे सगळे केसपेपर मागा, नुसतं डिस्चार्ज कार्ड नको. भरती करताना निवासी डॉक्टरने काय लिहिलं ते बघा: शुगर किती, लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की अंगात साठणारे आम्लधर्मी पदार्थ) होते का, आणि ‘इन्सुलिन बंद केलं होतं’ अशी ओळ आहे का. मध्यरात्री झोपेने मेलेल्या एखाद्या पोराने घाईघाईत खरडलेली ती ओळ पुढे सगळ्यांत भारी पडते, कारण तेव्हा भांडण सुरू झालेलं नसतं. अर्जावर सही मात्र आईचीच हवी. कागद तिचे आहेत.

स्थानिक डॉक्टरांनाही असाच अर्ज द्या. कागद नाहीत हे तोंडी ऐकलं ते पुरत नाही. अर्ज द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. घेतली नाही तर पोच-पावतीच्या टपालाने पाठवायचा. ७२ तास गेले की त्यांची फाईल असो वा नसो, तुमची फाईल तयार झाली. ते म्हणतील, आईला कुठे भरती केलं होतं? खरं आहे. तरी अर्ज करा, नकार लेखी येऊ द्या.

तक्रार प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. प्रती किती लागतात ते आधी परिषदेला विचारून घ्या, म्हणजे मुंबईच्या दोन खेपा वाचतील. वकील लावायलाच हवा असं नाही. सुनावणीला त्या डॉक्टरांनाही बोलावतात, उत्तर मागवतात. नियम म्हणतो ६ महिन्यांत निकाल. प्रत्यक्षात वर्षं लागतात. मी खोटी आशा दाखवणार नाही. शेवटी परिषद समज देते, काही काळासाठी नोंदणी निलंबित करते किंवा नाव काढून टाकते. यातला एक रुपयाही तुम्हाला मिळत नाही. आणि निकाल तुमच्या मनासारखा लागला नाही तर? राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०१९च्या कायद्यात वरच्या मंडळाकडे अपील करण्याचा अधिकार दिलाय, पण शब्द आहे ‘डॉक्टर’. रुग्ण तिथे नाहीच. तुम्हाला उच्च न्यायालय गाठावं लागेल. हे मला चीड आणणारं वाटतं, आणि ते लिहायला मला माझ्या जातभाईंचा संकोच वाटत नाही.

दीड लाखांसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतात हे १९९५ पासून ठरलेलं आहे. तुम्ही महिन्याला १८०० रुपये मोजलेत, म्हणून तुम्ही ग्राहक. मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. मुदत २ वर्षांची. परिषदेचा निकाल लागेपर्यंत थांबू नका, दोन्ही वाटा एकदम चालतात. एकीकडे हरलात म्हणून दुसरीकडे हरता असंही नाही. कोलकात्यात उपचार घेतलेल्या एका अनिवासी भारतीय डॉक्टरच्या पत्नीचा १९९८ मध्ये मुंबईत मृत्यू झाला. वाद स्टेरॉईडच्या डोसाचाच होता. राज्याच्या वैद्यक परिषदेने डॉक्टरांना निर्दोष ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निष्काळजीपणा मानला आणि २०१३ मध्ये भरपाई ६ कोटींच्या आसपास नेली. नवरा स्वतः डॉक्टर होता, पंधरा वर्षं लढला. सगळ्यांना ते जमत नाही, जमावं अशी अपेक्षाही नाही.

पोलिसांकडे मी आधी जाणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५च्या जेकब मॅथ्यू निकालापासून डॉक्टरवर निष्काळजीपणाचा फौजदारी गुन्हा चालवायला आधी स्वतंत्र वैद्यकीय मत लागतं, आणि तिथेच बहुतेक प्रकरणं अडतात.

आणि दादांना माझा निरोप द्या. महाराष्ट्राच्या २०१०च्या कायद्याने दवाखान्याची मोडतोड हा अजामीनपात्र गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, शिवाय नुकसानीच्या दुप्पट भरपाई. एक खुर्ची फेकली की दुसऱ्या दिवशी गावात चर्चा खुर्चीची होते, पुडी कुणाच्या लक्षात राहत नाही. ते डॉक्टर मनातून दादांचे आभार मानतील.

राहिले बाबा.

त्यांची सायकलची आठवण मला खरी वाटते. तसे डॉक्टर मी पाहिलेत. पावसात नदी ओलांडून बाळंतपणाला गेलेला माणूस वीस वर्षांनी भलत्याच पुड्या देताना पाहिलाय. दोन्ही एकाच माणसाने केलेलं असतं. मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात माझी पहिली नेमणूक होती. एक म्हातारा शेतकरी आला. चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल, हातपाय काटक्या, कातडी कागदासारखी, बोट लागलं की काळंनिळं. तीन वर्षं सांधेदुखीची पुडी. मुलाने ऐकीव गोष्टीवरून ती एका दिवसात बंद केली, आणि तो रक्तदाब न लागणाऱ्या अवस्थेत आमच्या ओसरीवर आला. वाचला. पुडी देणारे डॉक्टर आमच्याच तालुक्यातले, नोंदणीकृत, भले गृहस्थ. अडल्या पेशंटला स्वतःच्या जीपमधून आमच्याकडे पोचवायचे. मी त्यांच्या घरी जाऊन दोन शब्द बोलले, त्यांनी चहा दिला, आणि मी परत आले. तक्रार केली नाही. आपल्याच व्यवसायातल्या माणसाचं गैरवर्तन भीडभाड न ठेवता उघड करावं, असं आज नियम १.७ डॉक्टरांना सांगतो. ती ओळ वाचताना मला तो चहा आठवतो. त्यानंतर त्या पुड्या किती घरांत गेल्या, ते मी मोजलेलं नाही.

तेव्हा कृतघ्नपणाचा प्रश्न बाबांनी तुम्हाला विचारावा असा नाही. बाबांना वाटत असेल तर त्यांनीच डॉक्टरांकडे जाऊन आपल्या जुन्या ओळखीच्या हक्काने विचारावं: पुडीत काय होतं, आणि अजून कितीजणांना चालू आहे? सायकलवर आलेला माणूस अजून त्यात शिल्लक असेल तर तो नाव सांगेल. नाव कळलं तर सोलापूरच्या डॉक्टरांचं काम अर्धं होईल. तक्रारीचं काय ते त्यानंतरही ठरवता येतं.

एक गोष्ट तुमचं पत्र तीनदा वाचल्यावर लक्षात आली. त्यात दादांचं मत आहे, बाबांचं आहे, शेजारच्या डॉक्टरांचंसुद्धा आहे. आईचं कुठेच नाही. ती फक्त पुडी मागते. परिषदेपुढे बसायचं तिला आहे, वैद्यकीय कागद चारचौघांत उघडे होणार ते तिचे, इन्सुलिन बंद करताना तिने काय ऐकलं ते तिलाच सांगायचंय. कदाचित तिला भांडायचं असेल. कदाचित तिला त्या डॉक्टरांकडून ‘चुकलं’ एवढंच ऐकायचं असेल. विचारा तिला, गुडघे कमी दुखत असतील अशा एखाद्या सकाळी. नको म्हणाली तरी डब्याचं सील आणि दोन अर्ज तेवढे करून ठेवा. दोन वर्षांची मुदत दिवाळीपासून सुरू झालेली आहे, आणि माणसाचं मन सहा महिन्यांनी बदलू शकतं.